तारेचे कान

गाव पोचायच्या आधीच फौजदार बांधावर उभा होता. कपाळावर अंगारा, हातात चहाचा पेला आणि मागे पोलिसांची गाडी.

“मास्तर, इतक्या सकाळी?” त्याने हसून विचारलं.

गुरुदास मास्तरांनी हातातली पहार पाठीमागे नेली. पण त्यांच्या पाठीमागे सबंध गाव उभा होता, तो कुठे लपवणार? किनाऱ्यावर सरकारचा बिनतारी मनोरा उभा राहायचा होता आणि त्याच्या कुंपणात मासळी सुकवायची जागा जायची होती. त्या जागेवर अर्ध्या गावाची चूल पेटत होती. मोजणीच्या खुंट्या उपटायला आलेले लोक खुंट्या बघून परत फिरले.

असं होण्याची ही दुसरी खेप. आधी मोरीवर मोजणीवाल्यांची जीप अडवायचं ठरलं होतं, तर जीप दुसऱ्याच रस्त्याने आली.

“आपल्यातलोच कोणतरी फुटलो,” सत्यवान म्हणाला. त्याच्या आईची मासळी त्याच जागेवर सुकायची.

“माणूस नाय रे,” मास्तर म्हणाले. “फोन!”

मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते आणि वर्तमानपत्र टेंडरांच्या जाहिरातींसकट वाचायचे. सरकारला डोळे कमी आणि कान जास्त, हे त्यांचं जुनं मत. गावात मोजकेच फोन होते, आणि ते सगळे पोस्टाच्या कोपऱ्यातल्या बोर्डावरून जायचे. तिथे दुर्गा बसायची. फोनचा दांडा फिरवला की ती विचारायची, “नंबर?” आणि लाईन जोडून द्यायची. गावाचं सगळं बोलणं त्या मुलीच्या हातातून जातं, हे आजवर कोणाच्या मनात आलं नव्हतं. आता दुसरं काही मनात येईना.

मास्तर थेट पोस्टात गेले.

“दुर्गा, तू आमचा बोलणा आयकतंस?”

“लाईन लागली काय मी कान काढतंय, मास्तर. खात्यात तशी शपथ घेतलंय.”

“मग फौजदाराक कसा कळला?”

“तां माका काय ठावक? आणि ह्या खेपेक तुमी फोन केलात खंय?”

खरंच, या खेपेला कोणी फोन केला नव्हता.  पण जन्मभर शिकवलेला माणूस एका प्रश्नाने अडत नाही.

“आता फोन उचलूक लागणा नाय,” त्यांनी आपल्या पडवीत जमलेल्यांना सांगितलं. “नुसती तार घरात असली तरी ती आयकता. तशी यंत्रां इली हत.”

त्या दिवसापासून गावातले फोन गोधडीत गुंडाळले गेले. जयराम दुकानदाराने तर आपला फोन तांदळाच्या पिंपात पुरला. तो वाजला की गिऱ्हाईक दचकायचं आणि तांदूळ न घेताच जायचं. हे हसण्यावारी गेलं असतं. पण विहिरीवर दुर्गा आली की बायका बोलायच्या थांबू लागल्या, आणि ते फार वाईट होतं. घरात ती आणि तिची आई यशोदा. दोघींचं पोट त्या बोर्डावर होतं.

दुर्गाला बोर्डावरून हलवावं म्हणून मास्तरांनी टेलिफोन खात्याकडे अर्ज लिहिला. ‘नागरिकाचे संभाषण ही त्याची खासगी मालमत्ता आहे’ असं पहिलंच वाक्य होतं, आणि ते खोटं नव्हतं. सगळ्यांनी सह्या केल्या. सत्यवान मात्र पेन धरून बसून राहिला. तो आणि दुर्गा एकाच वर्गात शिकलेली.

“मास्तर, तिना केला नसात तर?”

तत्त्वाचं बोलताना मास्तर पुस्तकी मराठीत शिरत. “सत्यवान, प्रश्न एका मुलीचा नाही. स्वातंत्र्याचा आहे.”

सत्यवानाने सही केली.

दुर्गाची बदली फोंडाघाटला झाली. एसटीवर तिला पोचवायला एकटा सत्यवान आला.

“मी आयकत असतंय,” ती त्याला म्हणाली, “तर कोण सांगता तां तरी माका कळला असता. आज माझ्यार ही पाळी येती नाय.”

 सत्यवानाने तिची ट्रंक टपावर चढवली आणि गाडी सुटेपर्यंत तो दोरच आवळत राहिला.

नवा ऑपरेटर काही आला नाही. बोर्डाला कुलूप लागलं, तारा मुक्या झाल्या आणि मास्तरांना हायसं वाटलं. आता गाव मोकळेपणी बोलू शकत होता.

मनोऱ्याचं लोखंड खाडीतून येणार होतं. ते अडवायचं. मास्तरांच्या पडवीत, खिडक्या लावून, रेडिओ मोठा करून सगळं ठरलं.

“बायलेकसुद्धा सांगुचा नाय,” मास्तरांनी बजावलं.

“नाय,” सगळे म्हणाले.

मग दिवेलागणीला सगळे देवळात गेले. कार्य लहान असो की मोठं, देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय या गावात कोणी पाऊल उचलत नाही. देवळाला यंदाच लाऊडस्पीकर मिळाला होता. गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणाऱ्या बाबा गावकराने नारळ ठेवला, घसा साफ केला आणि माईक हातात घेतला. देवाला मोघम सांगून चालत नाही. कोण, कुठे, केव्हा, हे नीट सांगितलं तर तो पाठीशी उभा राहणार.

“बा देवा म्हाराजा! उद्या भरतीच्या वक्ताक सत्यवानाची होडी खाडीच्या मुखार आडवी ऱ्हवतली, तिका तू सांभाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“जयरामाचो दोर पैल्याडच्या माडाक बांधतले. मास्तर बांधावरसून इशारो करतले. तेंच्या हाताक यश दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“मागच्या दोनय खेपांक तुका असाच सगळा सांगललंव, तरी काम फिसाकटला. काय चुकला असात तर पदरात घे. आणि ह्या खेपेक ह्यातला अक्षर वैऱ्याच्या कानार पडू देव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळं देऊळ एका आवाजात म्हणालं, आणि मागच्या खांबापाशी साध्या कपड्यांत, हात जोडून, डोळे मिटून उभा असलेला फौजदारही भक्तिभावाने म्हणाला, “व्हय म्हाराजा!”