अंगठाछाप

"कुत्र्याची छत्री आहे ती, दर्शना. तू ना, ह्यातली अंगठाछाप," विशाल म्हणाला. नवराच तो, बोलायला त्याचं काय जातंय!

नाहूरच्या त्यांच्या सोसायटीमागे, कुजक्या गुलमोहराच्या खोडावर ऑक्टोबरात उगवलेलं ते भूछत्र दर्शनाला एकाही पुस्तकात सापडत नव्हतं. हट्टाने तिने त्याची टोपी खुडली, काळ्या कागदावर ठेवली आणि वर वाटी झाकली. रात्रभरात टोपीखालची भुकटी झडते, तिच्या नक्षीवरून जात ओळखता येते.

सकाळी तिने वाटी उचलली. एरवी भुकटी चाकाच्या आऱ्यांसारख्या सरळ रेघांत पडते. इथे रेघा भोवऱ्यासारख्या गोल गोल फिरल्या होत्या. हुबेहूब अंगठ्याचा ठसा!

"विशाल, ऊठ! असलं कुणीच पाहिलेलं नाही. ह्याला माझंच नाव लागणार!"

विशाल वाकून बघतच राहिला. "मानलं यार तुला! फोटो काढ आधी."

दर्शनाने तोऱ्यात मोबाइल उचलून अंगठा टेकवला. उघडेना. अंगठा गाऊनला पुसून पुन्हा दाबला. उघडेना.

तिने अंगठा उचलला. काचेवर पांढऱ्या भुकटीचा ठसा होता, चाकाच्या आऱ्यांसारख्या सरळ रेघांचा.