एक तास पस्तीस मिनिटं

“एक तास पस्तीस मिनिटं, एक तास पस्तीस मिनिटं. सकाळपासून तेच ऐकतोय. अहो बाई, उडायला किती लागतात ते नका सांगू. पोहोचायला किती ते बोला.”

म्हाताऱ्या टेम्पोवाल्याने विमानाचं तिकीट काउंटरवर आपटलं. काउंटरवरच्या पोरीने ते उचलून नीट सरळ ठेवलं. विमान सकाळी साडेसहाचं होतं. आता दुपारचा दीड वाजला होता.

“थोडाच वेळ, काका. बसून घ्या ना.”

“बसून बसून बूड दगडाचं झालं.”

पहाटे पाचला टेम्पो काढला असता, तर एव्हाना तो घाट उतरून मोठ्या पुलापाशी जेवत असता. तीस वर्षं त्याने घड्याळ असंच वाचलं. नऊ म्हणजे टोलनाका, अकरा म्हणजे घाटाचा पायथा. इथे नऊलाही हीच खुर्ची, अकरालाही हीच. तिकीट जावयाने पाठवलेलं. ‘बाबा, आठशे साठ किलोमीटर या वयात हाकत येणार का?’ तेव्हा त्यालाही जरा बरंच वाटलं होतं.

उद्या सकाळी सहाला त्याच्या लेकीच्या हृदयाचं ऑपरेशन. साडेपाचला आत नेणार. काल फोनवर ती एवढंच म्हणाली, “तुमचं तोंड बघितल्याशिवाय मी नाही जायची आत.”

“टेम्पोच काढायला हवा होता,” तो पुटपुटला.

मागे उभा असलेला टायवाला हसला. “काका, टेम्पोला पंधरा तास लागतात तिथे.”

“लागतात. पण पंधरा म्हणजे पंधराच लागतात, साहेब. मी कुणाला ‘थोडाच वेळ’ म्हणून झुलवत नाही.”

टायवाला मोबाइलमध्ये घुसला. म्हातारा काउंटरवर वाकला. “पोरी, तुझ्या बापाला सांगशील तसं सांग. विमान आहे कुठे?”

तिने मागच्या केबिनकडे पाहिलं. आवाज खाली आणला. “तिकडेच आहे, काका. त्यात बिघाड झालाय. अजून तिथून निघालेलंच नाही. आम्हाला ‘थोडाच वेळ’ एवढंच बोलायला सांगितलंय.”

म्हणजे विमान लेकीच्या शहरात, आणि बाप इथे. सात तास ह्यांनी त्याला खुर्चीवर गोड बोलून बसवून ठेवलं होतं.

त्याचं डोकं फिरलं. ओरडायला तोंड उघडलं, पण बोटं आधीच मोजायला लागली होती. आत्ता निघालो तर पहाटे साडेचार. अजून तासभर इथे घातला तर साडेपाच, आणि साडेपाचला तिची ट्रॉली आत.

त्याने खिशातून बाहेर पार्किंगला लावलेल्या टेम्पोची किल्ली काढली.

“काका, अहो, तुमची बॅग आत गेलीय. परत काढायची म्हणजे दोन तास लागतील.”

“येऊ दे तिला विमानाने. तिला कुठे घाई आहे.” तो दाराकडे वळलाही होता. “मला निघायला हवं आता.”