फळ्यावरचं नाव

ढवळेबाईंनी ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर आदल्या संध्याकाळीच ठसठशीत अक्षरात लिहून ठेवलं होतं : ‘वाढदिवस. श्री. यशवंत कुलथे. वय ऐंशी.’

सकाळी बागेत पाऊल टाकताच सेक्रेटरी पुढे आले. “बाई, कुलथे पहाटे गेले. तेवढा फळा...”

बाईंनी ‘वाढदिवस’ पुसून ‘श्रद्धांजली’ लिहिलं. ‘श्री.’चं ‘कै.’ केलं. वय तसंच चालून गेलं. नावालाही त्यांनी हात लावला नाही. एकदा पुसलं असतं, तर पुन्हा लिहायला खडू उचलवलाच नसता.

“आज हास्ययोग नकोच ना?” मागून कुणीतरी चाचरत विचारलं.

“मग काय, घरी जाऊन भिंतींकडे बघत बसायचंय? गोल करा. हात वर!” बाई खेकसल्या.

सगळे निमूटपणे हात वर करून उभे राहिले. हसायला सुरुवात नेहमी कुलथेच करायचे.