आत गाडी आहे

"त्या शेंगा आधी फेक बाहेर! मोसमाची पहिली शर्यत आणि गॅरेजात टरफलं? अपशकुनी मेला!" टायरवाला पर्विस ओरडला.

होलिसने उकडलेल्या शेंगांची पुडी डब्यात टाकली आणि पर्विसला टायरांच्या ढिगामागे ओढलं.

"कुणाला बोलायचं नाही. आईची शपथ घे."

पर्विसने घेतली. पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

"माझी लुएला जिन्यावरून पडली नव्हती. पोरीच्या गळ्यावर बोटांचे वळ होते. शेरीफने माझ्या जावयाची सही घेतलेली टोपी घातली आणि अपघात म्हणून लिहून टाकलं."

"अरे देवा! रँडलने?"

"आज शेवटच्या फेरीत मी त्याला सगळं उलटं सांगणार आहे."

पर्विसचा चेहरा पांढराफटक पडला. होलिस जिना चढून स्टँडच्या छपरावर गेला.

बारा वर्षं तो तिथूनच जावयाला वायरलेसवर वाट सांगत होता. ड्रायव्हरचं डोकं दोन्ही बाजूंनी आवळलेलं असतं. शेजारी गाडी आहे की नाही, हे छपरावरचा माणूस सांगेल तेच खरं. लुएला गेल्यावरही रँडलने त्याला काढलं नव्हतं. काढलं असतं तर लोक बोलले असते.

फ्लोरिडात फेब्रुवारीचं ऊन डोक्यावर आलं होतं. पात्रता शर्यत साठ फेऱ्यांची होती. पहिल्या दोघांत आला तर रविवारची मुख्य शर्यत, नाहीतर सामान गाडीत भरून घरी.

निशाण हलण्याआधी कानात रँडलचा आवाज आला. "सासरेबुवा, आज तुमचा शब्द न् शब्द कानात प्राण आणून ऐकणार आहे बरं का!" आणि तो हसला.

लुएलाच्या मयतीच्या जेवणातही हा असाच हसला होता.

एकोणसाठ फेऱ्या होलिसने चोख सांगितलं. "बाहेर गाडी. गेली. मोकळं." रँडल तिसरा होता. शेवटच्या फेरीचं पांढरं निशाण पडलं. पुढे जायला आता एकच वाट उरली होती, आतून.

तेवढ्यात आतल्या बाजूला एक निळी गाडी शिरली.

होलिसने बटण दाबलं. "आत गाडी आहे. आत येऊ नको. रँडल, आत गाडी आहे!"

"खोटारड्या थेरड्या!" रँडल म्हणाला आणि त्याने चाक डावीकडे, आतल्या बाजूला फिरवलं.

निळ्या गाडीतला ड्रायव्हर स्वतःच्या पायांनी चालत आला. रँडलला गाडीचा पत्रा कापून बाहेर काढावं लागलं. तोवर सगळं संपलं होतं.

अधिकाऱ्यांनी वायरलेसची टेप तीनदा ऐकली. मोठे साहेब होलिसचा हात हातात धरून म्हणाले, "तुम्ही शेवटपर्यंत खरं तेच सांगितलंत. तुमचा काही दोष नाही."

बाहेर पर्विस भिंतीला टेकून ढसाढसा रडत होता. "होलिस, मला माफ कर रे. माझ्याने राहवलं नाही. तू उलटं सांगणार, हे मी त्याला सांगून टाकलं."

होलिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग? तुला सांगितलं कशाला होतं?"