पहिलं पान कुणाचं

"पहिलं पान माझं उघडायचं," मायर्ना म्हणाली आणि लॉर्नच्या हातातला कॉफीचा कप ओठांपाशी जाता जाता थांबला.

नऊला निकाल लागणार होता. खिडकीबाहेर कॅनडातल्या सॅस्काटूनची डिसेंबरातली थंडी होती. विद्यापीठाची सगळी पोरं आपापल्या घरी संगणकासमोर डोळे लावून बसली होती. गेल्या वर्षी ह्याच दिवशी सर्व्हरने मान टाकली होती. आत येणाऱ्या प्रत्येक पोरासाठी तो निकालाचं अख्खं पान नव्याने रचायचा. वरचं चिन्ह, सूचना, तारखा, तक्ते, सगळं. पाहुणागणिक नवी चूल मांडावी तसं.

यंदा मायर्नाने पान एकदाच रचून साठवून ठेवायचं ठरवलं होतं. मध्ये फक्त एक जागा मोकळी सोडायची. आत येणाऱ्याला सर्व्हर एक खूण देतो, नाट्यगृहाच्या दाराशी कोट ठेवून घेताना नंबराचा बिल्ला देतात तशी. ती खूण पाहून ज्याचं नाव आणि ज्याचे गुण, तेवढेच ऐनवेळी त्या जागेत भरायचे.

धोका एकच होता. ती जागा मोकळी राहिली नाही, तर पहिल्या माणसाचं पान नावागुणांसकट साठवलं जाणार आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला तेच वाढलं जाणार.

"खोट्या नावाने उघड की," लॉर्न म्हणाला. तो विद्यापीठाच्या ह्या संगणक विभागाचा प्रमुख. "परवा चाचणीत छान चाललं होतं."

"खोट्या नावाला गुणच नाहीत. भरायलाच काही नव्हतं, मग चुकणार काय? खरे गुण नऊला आत येणार. पहिला माणूस खराच हवा."

"अगं, पण तू इथली नोकरदार. तुला कसले आलेत गुण?"

"संध्याकाळच्या वर्गांना जाते मी. बरीच वर्षं झाली."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तू चिडवलं असतंस."

"असतंच. डबा कोण भरून देतं, ते विचारलं असतं." मग त्याचा चेहरा उतरला. "कसे गेलेत पेपर?"

"संख्याशास्त्र तेवढं राहिलंय. मागच्या खेपेला त्यातच आपटले."

"आणि आजही आपटलीस, नि ती जागा मोकळी राहिली नाही, तर? सगळं विद्यापीठ वाचेल, मायर्ना."

"वाचू दे. एखाद्या पोराचं वाचण्यापेक्षा माझं बरं."

लॉर्नने कप खाली ठेवला. कुणाचे गुण कुणाला दिसू द्यायचे नाहीत, हा मायर्नाचा हट्ट सगळ्यांना ठाऊक होता. कारण कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या वेळी निकालाचे कागद कार्यालयाच्या काचेला आतून चिकटवायचे. नाव आणि पुढे गुण. शेतावरून आलेली मायर्ना आईने शिवलेला कोट घालून गर्दीत मागे उभी होती, टाचा उंचावूनही तिला काही दिसत नव्हतं. पुढच्या कुणीतरी मोठ्याने वाचलं, "कोवालचुक, नापास." बर्फात उभी असलेली सगळी डोकी वळली होती. ती तशीच बस पकडून घरी गेली आणि वर्गात परत आली नाही. पुढच्या वर्षी त्याच इमारतीत संगणकाला भोकं पाडलेली कार्डं भरवायच्या नोकरीवर आली, ती इथलीच झाली.

नऊ वाजले. गुण आत आले त्याच क्षणी, बाकी कुणाच्याही आधी, मायर्नाने नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पान उघडलं. तिने वरच्या कोपऱ्यात पाहिलं. मायर्ना कोवालचुक. बरोबर. लगेच तिने खुर्ची वळवली.

"आता तुझ्या लेकीला फोन लाव. तिचाही निकाल आहेच."

लॉर्नने फोन लावून आवाज मोठा केला. "केंड्रा, उघड. कुणाचं नाव दिसतंय?"

"माझंच, डॅड. दुसऱ्या कुणाचं असणार?"

लॉर्न खुर्चीत मागे रेलला आणि पोट धरून हसला. मायर्ना हसली नाही. ती पडद्यावरची सर्व्हरच्या भाराची रेघ बघत होती. रेघ चढत होती, गेल्या वर्षी जिथे सर्व्हर कोसळला तिथे पोचली, तिथूनही वर गेली. सर्व्हर शांत होता. पोरांमागून पोरं आत येत होती आणि ज्याचं त्याला मिळत होतं. एकाचाही तक्रारीचा फोन आला नाही. असं काम ह्या इमारतीत आजवर कुणी केलं नव्हतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मायर्ना," लॉर्न हळूच म्हणाला, "तू खाली बघितलंस का?"

तिने बघितलं नव्हतं. तिने फक्त नाव बरोबर आहे ना, एवढंच पाहिलं होतं.

लॉर्न उठला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मायर्नाने चष्मा पुसला आणि पान खाली सरकवलं. संख्याशास्त्र, उत्तीर्ण. त्याखाली आणखी एक ओळ होती. पदवीस पात्र.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. ह्या एवढ्या मोठ्या विद्यापीठात ती ओळ तिच्याशिवाय कुणालाही दिसत नव्हती. तशी व्यवस्था तिनेच चोख केली होती.

आणि आयुष्यात पहिल्यांदाच मायर्नाला वाटलं, आज आपलं काम थोडं चुकलं असतं तर बरं झालं असतं.