आधी वहिनींना विचारा

जत्रेतलं शोभेचं दारूकाम पाहून निवृत्त चित्रकला शिक्षक वामनराव दाभाडे दुसऱ्याच दिवशी ते बनवणाऱ्या यासीनचाचांच्या कारखान्यात गेले. "चाचा, मला स्वतः भुईनळा बनवायचाय. सुरुवात कशी करू?"

"घरी विचारलंत?"

"बायकोला काय विचारायचं त्यात?"

"माझा भाऊही हेच म्हणायचा. याच कामात भाजून गेला. वहिनींना घेऊन या, मग बोलू."

संध्याकाळी इंदुमतीबाई आल्या. वामनराव रंगांविषयी बोलत राहिले. बाईंनी मात्र पाणी कुठे ठेवता, कपडे कुठले घालता, काम कधी थांबवता, हे विचारलं.

चाचा म्हणाले, "शिकवीन, पण वहिनींना. सर, तुम्हाला घाई फार."

वामनरावांचा चेहरा पडला. "मी येईन," इंदुमतीबाई म्हणाल्या.

दोन वर्षांनी जत्रेत, चाचांच्या देखरेखीखाली, बाईंनी स्वतः बनवलेला पहिला भुईनळा पेटवला. गर्दीतून आरोळी उठली. गर्दी अडवायला बांधलेल्या दोराबाहेर उभ्या असलेल्या वामनरावांना झाडाएवढ्या उंच गेलेल्या ठिणग्या दिसल्याच नाहीत. बायको मागे सरत सुखरूप दोराशी पोचेपर्यंत ते फक्त तिच्याकडे बघत होते.