ट्रान्सफॉर्मरची घरघर

मुलाने परदेशातून वडिलांसाठी ऑक्सिजनचं मशीन पाठवलं होतं. तिकडची वीज कमी व्होल्टेजची, म्हणून इकडे ते ट्रान्सफॉर्मर लावूनच चालवावं लागे. औषधं आणायला गेलेली आई परतली, तेव्हा खोलीभर जळका वास कोंडला होता आणि नवऱ्याचा श्वास थांबला होता. पलंगाशी बसलेली नणंद म्हणाली, "वहिनी, ट्रान्सफॉर्मर सारखा घरघरत होता. दादाचा डोळा लागेना, म्हणून मी मशीन थेट भिंतीतल्या प्लगला लावलं. भस्सकन धूर निघाला गं!" आईच्या मनात आगडोंब उसळला. पण भावाच्या उशाशी महिनोन्महिने जागलेले ते डोळे पाहून तिने जळका प्लग तेवढा उपसून काढला. तेवढ्यात मुलाचा फोन आला. तिने बातमी सांगितली. पलीकडे हुंदका फुटला. "पण मशीन होतं ना? मग असं कसं झालं?" नणंदेने ओंजळीत तोंड लपवलं. आई म्हणाली, "लाईट गेली होती रे."